सासऱ्यांची वंशावळ शोधताना: डेव्हनमधलं दीड वर्ष

माझे सासरे ऑक्टोबर २०२३ मध्ये ऐंशीचे झाले आणि त्याच महिन्यात शेतावरचं घर सोडून गावातल्या छोट्या बंगल्यात राहायला गेले. गाव म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन जिल्ह्यात, क्रेडिटनपासून पंधरा-वीस मिनिटांवर, जिथली माती इतकी लाल आहे की पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं रत्नागिरीलाच आलो की काय. तर सामान हलवताना एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला. त्यात चार-पाच फोटो, एक दुधाच्या हिशोबाची वही आणि एक फाटकी पावती. सासऱ्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तुला असल्या कागदांची आवड आहे ना, मग बघ काय सापडतं, आम्ही चारशे वर्षं इथेच आहोत आणि जमीन कायम आमचीच होती.

आता मी कराडकडची शेतकऱ्याची मुलगी, लहानपणी वडिलांबरोबर तलाठ्याकडे सातबारा काढायला जाऊन जाऊन "जमीन कायम आमचीच होती" या वाक्यावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही. पण सासऱ्यांना काय बोलणार. डबा घेतला.

हे सगळं लिहितेय कारण सुरुवातीला मला काहीच कळत नव्हतं आणि मराठीत विचारायला कोणी नव्हतं. इंग्लंडमध्ये लग्न होऊन आलेल्या बऱ्याच जणी आहेत, कुणाला तरी उपयोग होईल.

नोव्हेंबरमध्ये पहिलं काम केलं ते म्हणजे सासऱ्यांना फोनवर रेकॉर्ड केलं. तारखा विचारल्या तर "युद्धाच्या आधी कधीतरी" एवढंच उत्तर यायचं, मग मी तारखा सोडल्या आणि घोड्यांची नावं काय होती, शेजारच्या शेतावर कोण होतं, शाळेत कुठल्या वाटेने जायचात असं विचारायला लागले आणि माणूस दीड तास बोलला. घरात म्हाताऱ्यांशी बोलणार असाल तर जनावरांपासून सुरुवात करा, खरंच. त्या गप्पांमधून मिळालं ते एवढं: वडिलांचा जन्म १९०८, आजोबा जॉन, ते युद्धाच्या वेळी सत्तरीच्या पुढे होते, आणि पणजोबा बहुतेक विल्यम. आडनाव इथे लिहीत नाही, त्या भागात तेच आडनाव प्रत्येक तिसऱ्या थडग्यावर आहे.

इथे जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. तिचं ऑफिस म्हणजे जनरल रजिस्टर ऑफिस, त्यांच्या साइटवर फुकट खातं उघडून इंडेक्स शोधता येतो. मी मात्र शहाणपणा करून आधी दुसऱ्याच एका जुन्या इंडेक्समधून आजोबा जॉन यांचा १८६८ चा जन्म शोधला, लगेच ११ पौंड भरून सर्टिफिकेट मागवलं, आठवडाभर पोस्टमनची वाट बघितली आणि पाकीट उघडलं तर बाप लोहार! त्याच तिमाहीत, त्याच जिल्ह्यात, त्याच आडनावाचे दोन जॉन जन्मले होते. अकराशे-बाराशे रुपये पाण्यात. सरकारी साइटवरच्या नव्या इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव पहिल्या वर्षापासून दिलेलं असतं, ते बघितलं असतं तर ही वेळ आली नसती. शिवाय जुन्या जन्मांसाठी पूर्ण सर्टिफिकेट लागतच नाही, नोंदीचा डिजिटल फोटो मिळतो, तो तेव्हा अडीच पौंडाला होता. एप्रिल २०२४ मध्ये हे दर वाढले, सर्टिफिकेट साडेबारा, पीडीएफ आठ आणि डिजिटल फोटो तीन पौंड झाला. मागवण्याआधी आजचे दर बघून घ्या.

डिसेंबरभर सेन्सस. पोरगी झोपली की रात्री नऊनंतर मी, लॅपटॉप आणि चहा. १८०१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते पण माणसांची नावं १८४१ पासून मिळतात, आणि शंभर वर्षं झाल्याशिवाय उघडत नाहीत, म्हणून सध्या शेवटची १९२१ ची. १९३१ ची युद्धात गोदामाला लागलेल्या आगीत जळली आणि १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही, म्हणजे १९२१ नंतर एकदम सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर, युद्ध सुरू होताच केलेली लोकांची यादी. मी एका पैशाच्या साइटची सहा महिन्यांची वर्गणी भरली. तिथे कुणीतरी आमच्या घराण्याचं झाड आधीच बनवून ठेवलेलं होतं, थेट १६०० पर्यंत, मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याला उठवलं. मग नीट बघितलं तर त्या झाडात एक बाई मेल्यानंतर सहा वर्षांनी बाळंत झाली होती. नवरा परत झोपला.

१९११ चा फॉर्म मात्र कधी विसरणार नाही. त्या वर्षीपासून घरच्या कर्त्या माणसाने स्वतःच्या हाताने भरलेला कागदच जपून ठेवलाय, आणि त्यात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, किती आहेत, किती गेली असे रकाने आहेत. जॉनने लिहिलं होतं, अठरा वर्षं, आठ, पाच, तीन. ते ठीक. पण त्याने वरच्या यादीत त्या रात्री घरात असलेल्यांच्या खाली गेलेल्या तिघांची नावंही लिहिली होती, वयांसकट, एकापुढे "तीन आठवडे". आणि नंतर मोजणीवाल्याने लाल शाईने त्या तीन ओळींवर सरळ रेघ मारली होती, कारण मेलेली माणसं मोजायची नसतात. नियमाने बरोबरच आहे त्याचं. मी त्या रात्री पुढे काही शोधलं नाही.

मागे जात जात १८८१ ला पणजोबा विल्यम सापडले: "शेतकरी, ६२ एकर, एक मुलगा कामाला." हे एकर आणि गडी सेन्ससमध्ये शेतकऱ्याने सांगायचेच असत, त्यामुळे कुणाची शेती किती ते लगेच कळतं. शेताचं नाव पण तेच, सासऱ्यांचंच शेत. म्हटलं चला, झालं काम. पण १८७१ ला विल्यम त्या शेतावर नाहीत, दुसऱ्या कुणाच्या तरी शेतावर मुकादम आहेत. आणि १८६१ ला एका झोपडीवजा कॉटेजमध्ये बायको आणि एक मूल, व्यवसाय: "ॲग लॅब". म्हणजे शेतमजूर. इंग्लंडमध्ये वंशावळ शोधणाऱ्या प्रत्येकाला हे दोन शब्द शेवटी भेटतातच असं म्हणतात, आम्हालाही भेटले.

तेव्हा मला कळलं की मी उलटं करत होते. मी माणसांच्या मागे धावत होते, आणि इथे माणसं सगळी विल्यम, जॉन, विल्यम, जॉन. शोधायला हवं होतं शेत. सातबारा आधी बघायचा, मग भावकी लागते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती खरं तर.

योगायोग बघा, त्याच दिवसांत गावाकडे माझा भाऊ कुणबी नोंदी शोधायला तहसीलच्या चकरा मारत होता, मोडी वाचणारा माणूस मिळत नव्हता, आणि रोज रात्री आमचा व्हॉट्सॲप कॉल म्हणजे दोन खंडांतल्या दोन दप्तरखान्यांची तक्रार. आई म्हणायची, स्वतःच्या घराची सोडून गोऱ्यांची पिढी कसली मोजतेस.

जानेवारी २०२४ मध्ये विल्यमचं १८५७ चं लग्नाचं सर्टिफिकेट मागवलं, परत ११ पौंड, लग्नाचा डिजिटल फोटो मिळत नाही. नवरा-बायको दोघांच्या सहीच्या जागी फुली. आणि नवऱ्याच्या वडिलांचं नाव या रकान्यात फक्त आडवी रेघ.

रेघ म्हणजे काय ते मला कळलं होतं पण खात्री करायची होती. १८३७ च्या आधीसाठी चर्चची रजिस्टरं. ती १५३८ पासून ठेवायचा हुकूम होता, पण सगळीकडे टिकली असं नाही, आणि १६४० ते १६६० च्या यादवीच्या काळात तर भगदाडच आहे. १८१३ पासून छापील फॉर्म आले आणि त्यात बापाचा व्यवसाय लिहायला लागले, म्हणून त्यापुढचं वाचायला सोपं. अजून एक गंमत, १७५२ पर्यंत इथे वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे जानेवारी १७४० लिहिलेलं असेल तर ते आपल्या हिशोबाने १७४१. आपला पाडवाही साधारण तेव्हाच येतो हे सासऱ्यांना सांगितलं तर त्यांना फार आवडलं. २५ मार्चला इथे लेडी डे म्हणतात, शेतं भाड्याने घ्यायची-सोडायची तारीख हीच, नाहीतर मग २९ सप्टेंबर. कुटुंब एका सेन्ससपासून दुसऱ्यापर्यंत गायब झालं तर समजायचं एखाद्या लेडी डेला गाडीत सामान भरून शेजारच्या गावात गेलंय.

विल्यमचा बाप्तिस्मा सापडला, मार्च १८३२. आईचं नाव एलिझाबेथ, व्यवसायाच्या जागी "अविवाहित". बापाची जागा कोरी.

हे घरी कसं सांगायचं? सूनबाईने सासऱ्यांच्या खानदानाची लक्तरं काढली असं व्हायला नको. मी तीन आठवडे गप्प बसले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला "बरं", आणि टीव्हीकडे वळला, त्याला खरंच काही वाटलं नाही. माझ्या पोटात मात्र गोळा.

मार्चमध्ये एक्झिटरच्या डेव्हन हेरिटेज सेंटरमध्ये गेले, हे जिल्ह्याचं रेकॉर्ड ऑफिस. जागा आधी बुक करा, कुठले कागद हवेत त्यांचे नंबर कॅटलॉगमधून लिहून न्या, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. पेन आत नेता येत नाही, फक्त पेन्सिल, बॅग आणि कोट लॉकरमध्ये. कागद उशीवर ठेवून देतात आणि पानं दाबायला मण्यांनी भरलेली कापडी लांबट वजनं. माझ्या शेजारी एक आजोबा होते, ते अकरा वर्षं एकाच खेड्यावर काम करत होते आणि त्यांना घाई नव्हती.

मी गावाच्या गरिबांच्या देखरेखीचे कागद मागवले. अनौरस मूल झालं तर त्याचा खर्च गावावर पडू नये म्हणून न्यायाधीशासमोर आईला बापाचं नाव विचारायचे आणि त्याच्याकडून हप्ता बांधून घ्यायचे, ते कागद कधीकधी राहिलेले असतात. आमच्या गावचे ते १८२० च्या आसपासच थांबतात, त्यामुळे बाप काही मिळाला नाही, आणि आता मिळेल असं वाटत नाही. पण त्याच पेटीत घडी घातलेल्या छापील कागदांची एक चळत होती, आणि वरून सातवा कागद विल्यमचा.

झालं असं की १८४१ च्या सेन्ससमध्ये नऊ वर्षांचा विल्यम एका परक्या शेतकऱ्याच्या घरात दिसत होता, नातं लिहिलेलं नाही, त्या सेन्ससमध्ये नातं लिहीतच नसत. १८५१ ला त्याच घरात, आता "अप्रेंटिस". मला वाटलेलं काहीतरी काम शिकायला ठेवला असेल. हातातल्या कागदावर खरं काय ते होतं. वर्ष १८४०. गावाने गरिबाचं पोर, वय वर्षं आठ, अमक्या शेतकऱ्याकडे शेतीकाम शिकायला दिलं, एकवीस वर्षांचा होईपर्यंत, बदल्यात शेतकऱ्याने खाणंपिणं, कपडे, राहायला जागा आणि धुलाई द्यायची. पगाराचा शब्द नाही. खाली गावच्या दोन पंचांच्या आणि दोन न्यायाधीशांच्या सह्या. पोराची ना आईची. डेव्हनमध्ये ही पद्धत फार होती, शेतकऱ्याला नको असलं तरी वाट्याला आलेलं पोर घ्यावंच लागायचं, ती सक्ती १८४४ ला उठली. कागदाच्या मधोमध रिकाम्या जागेत त्याचं नाव वेगळ्या, घाईच्या अक्षरात भरलेलं होतं, फॉर्म आधी आणि पोर नंतर. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती.

त्या रविवारी सासऱ्यांकडे जेवायला गेलो आणि जेवण झाल्यावर मी सगळं सांगून टाकलं, बाप नाही इथपासून अप्रेंटिसपर्यंत, कागदाचा फोटो पुढे ठेवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आठ?" आणि उठून चहा ठेवायला गेले. बाप कोण यावर आजपर्यंत एक शब्द नाही. डीएनए टेस्टचं विचारलं तर "नको" म्हणाले, विषय संपला.

एलिझाबेथच्या माहेरचं मात्र थोडं मागे जाता आलं, १७६० पर्यंत, पुढे भिंत. तिच्या आजोबांचं मृत्युपत्र झालं होतं असं यादीत दिसतं. १२ जानेवारी १८५८ च्या आधी मृत्युपत्रं चर्चच्या कोर्टात व्हायची आणि डेव्हनची ती एक्झिटरला ठेवलेली होती. मे १९४२ मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात ती जळली. यादी आहे, कागद नाहीत. डेव्हनवाल्या प्रत्येकाची हीच रड. १८५८ नंतरची मृत्युपत्रं सरकारी साइटवरून मागवता येतात, मी मागवली तेव्हा दीड पौंडाला एक. विल्यमने काही केलं नव्हतं, जॉनने केलं होतं, त्यात घोडे, गाई आणि "माझं घड्याळ" आहे. जमीन नाही.

जमीन नाही, कारण जमीन त्यांची नव्हतीच. हे पक्कं झालं जून २०२४ मध्ये, लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. युद्धात बाहेरून अन्न येईना म्हणून १९४१ ते ४३ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या पाच एकर आणि त्याहून मोठ्या प्रत्येक शेताची सरकारने पाहणी केली, नॅशनल फार्म सर्व्हे, तिथे एमएएफ ३२ या नंबराखाली गावागावाने बांधलेली आहे. रीडरचं कार्ड फुकट आहे, कागद आधीच ऑर्डर करून ठेवा म्हणजे गेल्या गेल्या हातात पडतात, फोटो फुकट काढता येतात. शेतकऱ्याचं घर शोधणाऱ्याने इथे जायलाच हवं असं माझं मत आहे, सेन्ससमध्ये माणूस एक ओळ असतो, इथे चार पानं. कुठलं पीक किती, घोडे किती, वीज आहे का, पाणी विहिरीचं की नळाचं, उंदीर आणि ससे किती. मालकाचं नाव: इस्टेट, म्हणजे जमीनदार. आमचे जॉन: कूळ. आणि शेवटी शेतकऱ्यालाच ए, बी, सी असे मार्क! जॉनला बी, कारण म्हातारपण. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, बी म्हणजे बरंच की. सशांचा उपद्रव जास्त असंही लिहिलंय, त्यावर सासरे खदखदून हसले, म्हणाले ससे आम्ही पकडून विकायचो, त्याच पैशांवर शाळेचे बूट यायचे, उपद्रव कसला.

मग जुळलं सगळं. १८७० च्या दशकाच्या शेवटी इथली शेती बसली होती, परदेशी धान्य स्वस्त येत होतं, १८७९ ला तर पावसाने हंगाम धुऊन नेला, जुनी कुळं सोडून जात होती आणि जमीनदारांना शेत पडीक ठेवण्यापेक्षा कुणीही चाललं असतं. त्यात विल्यमला ६२ एकर मिळाले असावेत. हा माझा अंदाज, कागद नाही. आणि "चारशे वर्षं आमचीच" म्हणजे सासऱ्यांच्या वडिलांनी इस्टेटीने विकायला काढल्यावर १९५३ मध्ये कर्ज काढून घेतलेली, डब्यातली ती फाटकी पावती त्याचीच. आपल्याकडे १९४८ च्या कूळकायद्याने पुढे कसेल त्याची जमीन झाली, इथेही १९४८ चाच कायदा आला पण त्याने कुळाला फक्त सहजासहजी हाकलता येईना एवढंच, मालकी हवी तर पैसे मोजा. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, मग ताई, साहेबलोकांपेक्षा आपलं बरं.

एकूण खर्च साधारण अडीचशे पौंड, त्यातले निम्मे लंडनच्या रेल्वेचे. साइटची वर्गणी आपोआप रिन्यू होते, ती आठवणीने बंद करा, मी एकदा विसरले. शिवाय इथल्या बऱ्याच सरकारी लायब्ररींमध्ये अशा साइट फुकट बघता येतात, हे मला आठ महिन्यांनी कळलं. घेतलेल्या प्रत्येक नोंदीचा नंबर तिथल्या तिथे लिहा, मी १८७१ चं पान दुसऱ्यांदा शोधायला एक अख्खी रात्र घालवली.

शेवटचं काम मार्च २०२५ मध्ये. १८३६ च्या कायद्यानंतर चर्चला द्यायचा दहावा हिस्सा पैशात ठरवायला गावोगावचे नकाशे झाले, टाइद मॅप, आमच्या गावचा १८४२ चा. प्रत्येक शेताच्या तुकड्याला नंबर, आणि सोबतच्या यादीत मालक, कूळ, तुकड्याचं नाव, पीक आणि क्षेत्र, एकर, रूड, पर्चमध्ये. एक रूड म्हणजे बरोबर दहा गुंठे, चार पर्चचा एक गुंठा, हा हिशोब बसला तेव्हा मला वडिलांची फार आठवण आली. नकाशाची मोठी प्रिंट काढून सासऱ्यांच्या टेबलावर पसरली. मी यादीतली नावं वाचायची आणि ते न बघता बोट ठेवायचे. हायर मेडो, बरोबर. बार्न क्लोज, बरोबर. ब्रूम पार्क, इथे बैल चिखलात अडकला होता. एकशे ऐंशी वर्षांत एक नाव बदललेलं नव्हतं.

मग आलं टेन एकर्स. त्यांनी बोट ठेवलं. मी क्षेत्र वाचलं, सात एकर, एक रूड, बारा पर्च, म्हणजे सात एकर तेरा गुंठे.

"हेच," सासरे म्हणाले, "हेच मी आयुष्यभर वडिलांना सांगत होतो, हे दहा भरत नाही." आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यांनी प्रिंटवर त्या तुकड्यात मोठ्या अक्षरात सात लिहिलं.